मालवणची पोवळी आणि मच्छीमारांचा हक्क

(रत्नागिरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



'प्रवाळ' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर ज्योतिषाने सांगितलेल्या अंगठीतले पोवळे तरी येते, नाही तर लक्षद्वीप-अंदमानचे निळेशार पाणी तरी. पावसाळ्यात लाल मातीने गढूळ होणाऱ्या आपल्या कोकणच्या समुद्रात प्रवाळ जगत असतील यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही. परंतु १९७९ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील कासीम आणि वफर या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावरील जिवंत प्रवाळांची नोंद प्रसिद्ध केली, तीत रत्नागिरी, मालवण आणि रेडी या ठिकाणांचा समावेश होता. त्या वेळी ही तिन्ही ठिकाणे एकाच रत्नागिरी जिल्ह्यात होती. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. शासनाने आखलेली ही सीमा समुद्राने मात्र मानलेली नाही. म्हणून मालवणच्या प्रवाळांचा प्रश्न आज रत्नागिरीत मांडताना आपण परगावच्या प्रश्नात लक्ष घालीत आहोत, असे कोणी समजू नये.

प्रथम हा जीव काय आहे ते थोडक्यात पाहू. प्रवाळ ही वनस्पती नव्हे आणि दगडही नव्हे. समुद्राच्या पाण्यातील चुना शोषून आपल्याभोवती घर बांधणारा तो एक इवलासा प्राणी आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते व त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. यजमान त्याला आसरा देतो. पाणी नेहमीपेक्षा एखाददुसऱ्या अंशाने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले की हे सहजीवन मोडते, शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरे पडते. उष्मा लवकर ओसरला तर ते सावरते, नाही तर उपासमारीने मरते. पोरायटीससारखे गोलसर प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम एक सेंटीमीटर वाढते. म्हणजे हातभर उंचीच्या खडकाला अर्धे शतक लागलेले असते आणि होडीचा नांगर त्यावर एकदा आदळला की ते अर्धे शतक एका क्षणात संपते. जगातील समुद्रतळाचा एक टक्काही प्रवाळांनी व्यापलेला नाही. तरी सागरी जीवांच्या सुमारे एक चतुर्थांश जाती कधी ना कधी त्यांच्या आश्रयाला येतात. ज्या खडकात माशांची पिल्ले लहानाची मोठी होतात तो खडक मच्छीमाराचे भांडवल आहे. त्याच्या जमाखर्चाच्या वहीत ते कधी लिहिले जात नाही, एवढेच.

आता इतिहासाकडे वळू. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यापैकी सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे बुडालेले खडक मिळून ३.१८२ चौरस किलोमीटरचा गाभा. हेतू स्तुत्य होता. परंतु ज्या गाबित आणि अन्य मच्छीमार कुटुंबांची चूल या पाण्यावर पेटते त्यांना विश्वासात न घेता ही रेषा आखली गेली. विरोध झाला, तो तीव्र झाला, आणि अभयारण्य दीर्घकाळ मुख्यतः कागदावर राहिले. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने याच कायद्यात अशी तरतूद झाली की, सागरी क्षेत्र अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताच्या रक्षणाची पुरेशी उपाययोजना आधी करावी. जे कायद्याला चार वर्षांनी सुचले ते किनाऱ्यावरच्या माणसाला पहिल्या दिवशीच कळले होते. २००१ साली खडक रचणाऱ्या प्रवाळांना या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, स्थान मिळाले. कायद्याची उणीव आता राहिलेली नाही. उणीव आहे ती कायदा आपला मानणाऱ्या माणसांची.

येथे अर्थशास्त्रातील एका जुन्या वादाचा उल्लेख करणे भाग आहे. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी असे प्रतिपादन केले की, जे सर्वांचे असते ते नासते. प्रत्येक जण आपला लाभ पाहतो आणि सामायिक कुरण उजाड होते. यावर सांगितले जाणारे उपाय दोनच: सरकारी दंडुका किंवा खासगी मालकी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी या सिद्धान्ताला अभ्यासाने उत्तर दिले आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी दाखविलेल्या उदाहरणांपैकी एक तुर्कस्तानातील अलान्या बंदराचे आहे. तेथील मच्छीमारांनी मासेमारीच्या जागा ठरवून, चिठ्ठ्या टाकून आणि पाळीपाळीने त्या बदलत राहून आपापसांतील भांडणे मिटविली. निर्मनुष्य, बेवारस मालमत्ता आणि समुदायाने नियम घालून सांभाळलेली सामायिक मालमत्ता या दोन भिन्न गोष्टी आहेत. हार्डिन यांच्या कुरणात गुराखी होते, गावकी नव्हती.

आपल्या किनाऱ्यावर गावकी होती. रापण हे तिचे उत्तम उदाहरण. किनाऱ्यावरून ओढायच्या त्या प्रचंड जाळ्याला अनेक घरांचे हात लागत आणि मासळीचे वाटे ठरलेल्या रीतीने पडत. त्या व्यवस्थेत जातीची आणि पुरुषसत्तेची बंधने नव्हती असे मी म्हणणार नाही; परंतु समुद्र आपल्या नातवंडांनाही लागणार आहे, ही जाणीव तिच्यात अंगभूत होती. तिच्यावर घाव घातला तो यांत्रिक ट्रॉलरांनी आणि पुढे पर्ससीन जाळ्यांनी. ही यंत्रे आपोआप आली नाहीत. निर्यातीच्या परकीय चलनासाठी शासनाने कर्जे दिली, अनुदाने दिली, डिझेलवर सवलत दिली. शेजारच्या गोव्यात सत्तरच्या दशकात मातानी सालढाणा यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली रापणकार रस्त्यावर उतरले ते याच कारणाने. महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारी नियमन कायदा झाला, २०१६ साली पर्ससीनवर हंगामाची व क्षेत्राची बंधने आली, २०२१ साली कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. तरीही तळ खरवडणारे जाळे किनाऱ्याजवळ येते, ही तक्रार मालवणपासून दापोलीपर्यंत ऐकू येते.

म्हणून 'मच्छीमार' हा शब्द वापरतानाही सावध राहिले पाहिजे. मिरकरवाडा बंदरात उभ्या असलेल्या मोठ्या नौकेचा मालक, तिच्यावर राबणारा नेपाळहून आलेला खलाशी, बिगरयांत्रिक होडीवरचा गिलनेटवाला आणि टोपली घेऊन बाजारात बसणारी त्याची पत्नी हे सगळे एका वर्गाचे नाहीत. प्रवाळरक्षणाचा भार त्यांच्यावर समान टाकणे हा अन्याय होईल. ज्याने तळ खरवडला त्याने अधिक द्यावे, ज्याने नुसता गळ टाकला त्याच्याकडून अधिक मागू नये.

मच्छीमाराला दूर ठेवून आखलेल्या या पाण्यात दरम्यान एक नवे गिऱ्हाईक आले. तारकर्ली-मालवणला पर्यटन वाढले आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर पाण्याखालची सफर हा मोठा व्यवसाय झाला. यातून अनेक स्थानिक तरुणांना रोजगार मिळाला आहे. त्याला नाक मुरडणे सुखवस्तू माणसाला शोभत नाही. परंतु शास्त्रज्ञांनी तेथे प्रवाळांवर झालेल्या इजाही नोंदविल्या आहेत: तुटलेल्या फांद्या, पावलांनी आणि नांगरांनी खरवडलेले खडक. याची अर्थशास्त्रीय बाजू सरळ आहे. प्रवाळ पाहण्याचे पैसे आकारले जातात, पण प्रवाळ राखण्याचा खर्च कोणाच्याच खात्यावर पडत नाही. नफा खासगी आणि झीज सार्वजनिक, हा भांडवलशाहीचा जुना हिशेब पाण्याखालीही चुकलेला नाही.

मग पुनरुज्जीवनाचे काय? प्रवाळांचे तुकडे सिमेंटच्या चौकटींवर बांधून समुद्रतळावर रोवण्याचे तंत्र आता परिचित झाले आहे. मन्नारच्या आखातात चुन्यासाठी आणि बांधकामासाठी प्रवाळ खणून काढले गेले होते. तेथे तुतिकोरीनच्या सुगंधी देवदासन संशोधन संस्थेने अनेक वर्षे हे काम चिकाटीने केले. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गात जो प्रकल्प गेल्या दशकात राबविला गेला, त्यातही प्रवाळरोपणाचा प्रयोग झाला. त्याच प्रकल्पात लहान पिल्ले निसटू देणारी चौकोनी आसाची जाळी ट्रॉलरवाल्यांना देण्यात आली आणि खेकडापालनासारखे जोडधंदे उभे करण्याचा प्रयत्न झाला. मला त्यातील प्रवाळरोपणापेक्षा ही जाळी अधिक महत्त्वाची वाटतात. २०२० साली मुंबईत किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे नेण्यात आल्या. शास्त्रीयदृष्ट्या तो प्रयोग अभ्यसनीय असेल. पण धोरण म्हणून त्यात धोका आहे. 'प्रवाळ हलविता येतात' हे एकदा सिद्ध झाले की प्रत्येक बंदर, प्रत्येक भराव, प्रत्येक जेटी त्याच दाखल्यावर मंजूर होईल. विस्थापितांचे पुनर्वसन किती नीट होते याचा कोयनेपासूनचा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. माणसांचे जमले नाही ते प्रवाळांचे जमेल, असे मानायला आधार काय? रोपण हा उपचार आहे. जखम करणारा हात थांबल्याशिवाय उपचाराला अर्थ नसतो.

आपल्यापुढे एक शिकण्याजोगे उदाहरण आहे. फिलिपाइन्समधील अपो नावाच्या चिमुकल्या बेटावर १९८२ च्या सुमारास तेथील सिलिमन विद्यापीठाच्या अँजेल अल्काला आदी शास्त्रज्ञांनी मच्छीमारांशी प्रदीर्घ बोलणी केली. गावाने आपल्या किनाऱ्याचा एक लहान पट्टा मासेमारीसाठी बंद केला आणि राखणही स्वतः केली. काही वर्षांत त्या पट्ट्यातील मासे वाढले व बाहेरही येऊ लागले. पुढे पर्यटक आले, त्यांच्याकडून शुल्क घेतले गेले आणि त्याचा वाटा गावाला मिळाला. २०११ आणि २०१२ सालच्या चक्रीवादळांनी त्या राखीव खडकाची मोठी हानी केली, हेही सांगितले पाहिजे. गाव नांगर अडवू शकते, वादळ अडवू शकत नाही.

या ठिकाणी प्रश्न जागतिक होतो. २०२३ पासून जगभर प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी मोठी लाट सुरू झाली आणि एप्रिल २०२५ पर्यंत जगातील ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला तिच्या उष्म्याची झळ लागल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. ज्याच्या होडीला इंजिनही नाही त्या मालवणच्या माणसाने हा समुद्र तापविलेला नाही. तरी त्याची किंमत तोच प्रथम मोजतो आहे. म्हणून कोणी म्हणेल, समुद्रच तापणार असेल तर मालवणात नांगर अडवून काय साधणार? याचे उत्तर असे की, तापाने फणफणलेल्या माणसाला निदान मारहाण तरी होऊ नये. ज्या खडकावर गाळ, जाळी आणि नांगर यांचा भार कमी असतो, त्याची उष्म्यानंतर सावरण्याची आशा अधिक असते.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. मालवण अभयारण्याची व्यवस्था वनखाते, मच्छीमार सहकारी संस्था, मासळी विकणाऱ्या स्त्रिया आणि पर्यटन व्यावसायिक यांच्या संयुक्त समितीकडे द्यावी आणि तीत छोट्या मच्छीमारांना बहुमत असावे. हे अशक्य नाही. कांदळवनांच्या बाबतीत २०१७ पासून गावसमित्यांचा प्रयोग राज्याने केलेलाच आहे, आणि वेंगुर्ल्याच्या बचतगटातील स्त्रिया पर्यटकांना कांदळवनाची सफर घडवून त्यावर उपजीविका करीत आहेत. दुसरे, प्रवाळांवर नांगर टाकण्यास पूर्ण मनाई करून शासनाच्या खर्चाने कायमचे तरते बोये बसवावेत. तिसरे, पाण्याखालच्या प्रत्येक सफरीमागे ठरावीक रक्कम या समितीच्या निधीत जमा व्हावी आणि तिचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. चौथे, गाभ्यातील मासेमारी ज्यांना सोडावी लागेल त्यांना आधी भरपाई मिळावी आणि नंतर बंदी यावी. हा क्रम उलटा होता कामा नये. पाचवे, रत्नागिरीच्या प्रवाळांची १९७९ नंतर काय अवस्था आहे याची पाहणी शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आणि येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र यांनी मच्छीमारांना सोबत घेऊन करावी. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कुठल्या खडकावर काय वाढते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणारा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारप्रदेश आहे. तेथेही प्रवाळ आहेत. ते राज्याच्या सागरी हद्दीपलीकडे असल्यामुळे त्यांचे रक्षण केंद्राला १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली करावे लागेल. आज तिकडे संशोधकांच्या मोहिमा जातात, उद्या पर्यटनाच्या बोटी जातील. मालवणला जी चूक झाली ती तेथे टाळायची असेल, तर त्या पाण्यापर्यंत जाणाऱ्या देवगड-विजयदुर्गच्या मच्छीमारांशी बोलणे आतापासून सुरू झाले पाहिजे.

मित्रहो, मालवण ज्या राजापूर मतदारसंघात होते, त्याचे प्रतिनिधित्व बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांनी तीन दशकांहून अधिक काळ केले. विकासाचा निर्णय ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांच्या संमतीने व्हावा, हा आग्रह समाजवादी चळवळीने या किनाऱ्यावर रुजविला. निसर्गरक्षणाचा निर्णयही त्याच कसोटीला उतरला पाहिजे. कष्टकऱ्याला वगळून केलेला विकास जसा टिकत नाही, तसे त्याला वगळून केलेले संरक्षणही टिकत नाही. मालवणच्या अभयारण्याच्या इतक्या वर्षांनी आपल्याला एवढेच शिकवले आहे, आणि एवढे शिकलो तरी पुष्कळ झाले.