जवारीच्या गावात परिचारिकांचे स्वागत

मिरज येथे भरत असलेल्या या परिचारिका परिषदेस आलेल्या अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका आणि विद्यार्थी प्रतिनिधी या सर्वांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. परिषद कोणत्याही विषयाची असली तरी यजमान गावाची थोरवी सांगणे हा स्वागताध्यक्षाचा परंपरागत हक्क समजला जातो, आणि तो सोडण्याची मिरजकरांची तयारी नाही.

वैद्यकीय क्षेत्रातील पाहुण्यांना मिरज ठाऊक असते ते डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या, गावकऱ्यांच्या तोंडी आजही ‘मिशन’ असलेल्या रुग्णालयामुळे. फटाक्याने डोळे अधू झालेले विष्णु दिगंबर पलुस्कर उपचारांसाठीच मिरजेत आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकून बाहेर पडले. उस्ताद अब्दुल करीम खाँ येथेच स्थायिक झाले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. या गावी औषध आणि गाणे एकमेकांना सोडून राहिलेले नाहीत, अशी स्थानिकांची ठाम समजूत आहे.

मात्र या नामावळीत ज्यांचे नाव सर्वांत आधी यावे आणि बहुधा येतच नाही, ते फरीदसाहेब सितारमेकर होत. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, शस्त्रांची मागणी ओसरत असताना, तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि पुढे घडणीकडे आपला हात वळवला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळे आणून त्यांच्यापासून तंबोरे करणारी एक संपूर्ण गल्ली त्यातून उभी राहिली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या कामातील सर्वांत अवघड भाग म्हणजे जवारी, अर्थात तार ज्या घोडीवर टेकते तिचा पृष्ठभाग किंचित घासून स्वराला गुंजन आणणे. हे काम मोजपट्टीने होत नाही. ते कानाने होते, आणि तो कान तयार व्हायला उमेदीची वर्षे जातात.

परिषदेच्या विषयाशी याचा संबंध ओढूनताणून जोडला आहे, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो समितीस निम्मा मान्य आहे. उरलेल्या निम्म्याचे उत्तर असे, की आज ज्यांचा गौरव होत आहे त्या परिचारिका नवजात अतिदक्षता विभागात, म्हणजे गर्भारपणाचे सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वीच जन्मलेल्या, अत्यल्प वजनाच्या वा जन्मतःच आजारी असलेल्या अर्भकांच्या विभागात काम करतात. लोकभाषेत हा ‘पेटीतल्या बाळांचा वॉर्ड’. तेथील यंत्रे सतत वाजतात; त्यांतील अनेक गजर पायाला लावलेला संवेदक हलल्यामुळे झालेले असतात, तर एखादा गजर अर्भकाचा श्वास खरोखरच वीस सेकंदांहून अधिक थांबल्याचा असतो. या दोहोंतील फरक क्षणात ओळखणे, आणि पुष्कळदा यंत्राच्याही आधी बाळाचा बदलता रंग व मंदावलेली हालचाल पाहून तळपायाला हलकेच चोळून श्वास परत सुरू करणे, ही त्यांची विद्या होय. टळलेला धोका तक्त्यावर एका ओळीपुरता उमटतो, फार तर. म्हणून अशा परिचारिकेची निवड केवळ आकडेवारीवरून करणे समितीस अपुरे वाटते. पाळीवरच्या सहकाऱ्यांची साक्ष अधिक विश्वसनीय ठरते.

आता व्यवस्थेतील उणिवा. २०१६ साली तहानलेल्या लातूरला आगगाडीने पाणी पाठवणाऱ्या या गावात प्रतिनिधींच्या निवासस्थानी मात्र पाणी फक्त सकाळी येते, याची समितीस लाज वाटते. टँकर सांगितला आहे. ध्वनिक्षेपकाची खरखर वादकांच्या गावाला शोभणारी नाही. भोजनाची पंगत लांबल्यास ती पाककर्त्यांची नव्हे, पासांच्या हिशेबाची चूक समजावी. मंगल कार्यालय विनामूल्य देणारे मालक, देणगीदार औषधविक्रेते व डॉक्टर मंडळी, भाजीबाजारातील अडते, गाद्या पुरवणारे मंडपवाले, स्मृतिचिन्हांसाठी लहान तंबोरे मजुरी न घेता घडवून देणारे कारागीर, आणि नाव छापू नये अशी अट घालून सर्वांत मोठी रक्कम देणारे एक निवृत्त गृहस्थ, या सर्वांची समिती ऋणी आहे. रात्रपाळी संपवून थेट येथे पोहोचलेल्या प्रतिनिधींसाठी सभागृहामागील दोन खोल्या पडदे लावून तयार ठेवल्या असून, तेथे झोपलेल्यांना उद्घाटनासाठी उठवले जाणार नाही.