सातबाऱ्यावर नणंदेचं नाव

काढणीच्या दिवसांत रेडिओ ऐकायला बसलात, म्हणजे हातात काहीतरी काम असणारच. ते चालू द्या.

गेल्या बैठकीत आमच्या गटानं एक वेगळंच काम केलं. बचतीचे पैसे गोळा झाले, कर्जाच्या हप्त्यांची नोंद झाली, आणि मग प्रत्येकीनं घरून आणलेला सातबारा सतरंजीवर मांडला. आम्ही तेरा जणी. दोघींना घरातून कागदच मिळाला नाही, "तुला कशाला पाहिजे" म्हणून. उरलेले अकरा उतारे आम्ही मोठ्यानं वाचले. भोगवटादाराच्या रकान्यात बाईचं नाव फक्त दोन उताऱ्यांवर निघालं, आणि त्या दोघीही विधवा. तीन उताऱ्यांवर सासूबाईंचं नाव होतं खरं, पण ते इतर अधिकाराच्या रकान्यात. सोसायटीचा बोजा, विहिरीची नोंद जिथं लिहितात, तिथं! आम्ही आधी हसलो आणि मग गप्प झालो. उतारा हातात आला की नुसतं नाव आहे का ते बघू नका, कोणत्या रकान्यात आहे तेही बघा.

आमच्यातल्या एका ताईंचा उतारा वाचताना मात्र सगळ्याच थांबलो. सासरे 2006 साली गेले. सहा एकर जमीन, दोन मुलगे, एक मुलगी. उताऱ्यावर नाव एकट्या थोरल्या दिराचं आणि त्यापुढं ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ताईंच्या मालकांचं नाव कधी लागलंच नाही. तीन वर्षांपूर्वी तेही गेले. तोंडी वाटणीतले तीन एकर ताई कसतात. पेरणी त्यांची, खुरपणी त्यांची. पण अतिवृष्टीचं अनुदान येतं दिराच्या खात्यावर. पीक कर्ज मागायला गेल्या तर बँकेनं विचारलं, जमीन कुठाय तुमची?

आम्ही सगळ्या मिळून तलाठी कार्यालयात गेलो. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आमच्या तोंडी तलाठीच बसलंय. ए.कु.मॅ. शेरा कमी करून सगळ्या वारसांची नावं लावायची, असा अर्ज द्यायचं ठरलं. मृत्यूचे दाखले आणि वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र लागतं. आणि तिथंच गाडं अडलं. वारस कोण कोण? थोरला दीर. धाकट्याच्या मागं ताई आणि त्यांची दोन मुलं. आणि नणंद.

ताई म्हणाल्या, "तिचं नाव कशाला? ती तर दिल्या घरी सुखात आहे."

मैत्रिणींनो, खरं सांगतो, आमच्यातल्या निम्म्या जणींनी मान डोलावली. हिशेब सरळ होता. नणंद नसली तर ताईंकडं तीन एकर. नणंद आली तर सहा एकरांचे तीन वाटे, म्हणजे ताई आणि मुलांना मिळून दोन. कोरडवाहू रानात एक एकर म्हणजे काय, ते ऐकणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

मग एकीनं विचारलं, "आपल्यापैकी माहेरी हक्कसोड कुणी कुणी दिलंय?" चार हात वर झाले. त्यातला एक हात हे बोलणारीचा. राखीच्या दुसऱ्या दिवशी भावानं निबंधक कार्यालयात नेलं, येताना साडी घेतली, वहिनीनं पुरणपोळी केली. कागदात काय लिहिलंय ते बी.ए. झालेल्या बाईनंही वाचलं नाही. माहेर तुटू नये एवढंच डोक्यात होतं. त्या घरी आम्ही मुली आणि या घरी भावजया. तिथं रडतो आणि इथं तेच करायला निघालो होतो.

म्हणून कायदा नीट समजून घेतला. महाराष्ट्रानं 1994 सालीच वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. 2005 साली देशाचा हिंदू वारसा कायदा बदलला आणि लग्नाची ती अट गेली. वडील 2005 च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क बुडत नाही, असं 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. फक्त जमिनीची रीतसर वाटणी आधीच झालेली नसावी. आणि हक्क सोडायचाच असेल तर नोंदणी केलेलाच कागद लागतो. साध्या स्टॅम्पवर घेतलेल्या सहीनं बहिणीचं नाव उडत नाही. नोंदणी झाली मात्र, की मन बदललं म्हणून तो कागद परत घेता येत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते. आमच्या चौघींचं तसंच झालंय.

आदिवासी भगिनींना हा वारसा कायदा लागू नाही, पण 2006 च्या वनहक्क कायद्यात जमीन नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायची, असं स्पष्ट लिहिलंय. आणि ज्यांचे मालक हयात आहेत त्यांच्यासाठी लक्ष्मीमुक्ती आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं त्या नावानं मोहीम चालवली आणि 1992 साली सरकारनं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं स्वतः अर्ज दिला की बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. नवऱ्यानंच अर्ज द्यायचा, गोम तिथंच आहे. आमच्या गटात आतापर्यंत एकाच घरी जमलंय. तेही त्यांच्या लेकीनं बापाशी चार दिवस अबोला धरला तेव्हा.

तर ताईंनी नणंदेला फोन लावला. ती आली, आमच्याच बैठकीत बसली. दिरानं तिला आधीच सांगून ठेवलं होतं, नाव लावलंस तर माहेरचं दार बंद. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझं नाव राहू द्या. जमीन वहिनी कसू दे, मी आत्ता काही मागत नाही. पण सही देणार नाही." ताई तिच्याकडं न बघताच उठल्या आणि चहा टाकायला गेल्या. दोघींत अजून मोकळेपणा आलेला नाही, खोटं कशाला सांगू. पण प्रतिज्ञापत्रात सगळी नावं आली.

अर्ज दिला, फेरफार धरला गेला, नोटिसा निघाल्या. नोटिशीनंतर हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. आली तर ती वादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी लागते. दीर हरकत घेणार म्हणून पारावर सांगत फिरतायत.

हे बोलणं रेकॉर्ड होतंय तो बारावा दिवस आहे. सुनावणी लागलीच तर तालुक्याला जायच्या भाड्यासाठी गटाच्या फंडातून पैसे बाजूला काढलेत, दोन तिकिटांचे. एक ताईंचं आणि एक नणंदेचं.