माझी लेक आणि मशीनिस्टचे काम
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. हळदीकुंकवाला उखाणा घ्यायचा म्हटले तरी मला घाम फुटतो. पण मागच्या सभेत दोघीतिघींनी विचारले, "तुमची मुलगी कारखान्यात करते तरी काय?" आणि चिटणीसबाईंनी माझे नाव लिहूनच टाकले. तेव्हा जे घरात घडले तेच सांगते.

आमचे घर कोल्हापुरात, उद्यमनगरच्या जवळ. घरचे पंचवीस वर्षे लेथवर आहेत. ते कुठल्या शाळेत हे काम शिकले नाहीत. झाडलोटीला लागले आणि दुसऱ्याचे बघून बघून कारागीर झाले. एका थंडीच्या सकाळी हातात कापडी मोजा घालून ते फिरत्या लोखंडावरचा कीस काढायला गेले. मोजा गुंतला आणि उजव्या हाताचे अर्धे बोट गेले. त्या दुकानाचे नाव मी घेत नाही.

म्हणून दहावी झाल्यावर लेक म्हणाली, "आई, मी आयटीआयला मशीनिस्टचा ट्रेड घेणार," तेव्हा मी साफ नाही म्हटले. शेजारणींचे बोलणेही कानावर होते. हात काळे होतील, स्थळे परत जातील. आज खरे सांगते, मी तिचा शाळा सोडल्याचा दाखला पेटीत शालूखाली लपविला होता. अर्जाची मुदत संपायला तीन दिवस उरले होते. तो दाखला ह्यांनीच शोधून काढला आणि माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, "फिरत्या यंत्राजवळ हातमोजा घालायचा नसतो, एवढे मला कुणी वेळेवर सांगितले असते तर हे बोट आज शाबूत असते. तिला ते सांगणारे मिळतील." माझ्याकडे उत्तर नव्हते.

हा ट्रेड दोन वर्षांचा, दहावी पास झालेल्यांसाठी. मला वाटले होते, पहिल्याच दिवशी यंत्रावर उभे करतील. छे! सुरुवातीला कानस आणि हॅकसॉ. लोखंडाचा तुकडा घासून सपाट करायचा, मग त्यावर गुण्या ठेवून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचे. पोरीच्या तळहाताला फोड आले. मी रात्री खोबरेल लावी आणि मनात म्हणे, आता सोडील. तिने सोडले नाही.

पुढे मापे आली. व्हर्नियरवर मिलीमीटरचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०२, आणि मायक्रोमीटरवर शंभरावा भाग वाचायचा. आपल्या डोक्याचा केससुद्धा त्याहून कितीतरी जाड! चिमूटभर मीठ जास्त पडले तर आमटीत पाणी घालता येते. लोखंड जास्त कापले गेले की ते भंगारात.

लेथवर काम फिरते आणि हत्यार नुसते सरकते. मिलिंगवर उलटे, कटर फिरतो आणि काम व्हाईसमध्ये आवळलेले असते. हे मला तिने पोळपाट-लाटणे घेऊन दाखविले. पण मला सगळ्यांत आवडले ते गियरचे दाते पाडणे. त्याला इंडेक्सिंग हेड म्हणून एक साधन असते. त्याचा दांडा चाळीस वेळा फिरविला की काम एकदा पुरे फिरते. वीस दाते हवेत तर प्रत्येक दात्याला दांडा दोनदा फिरवायचा. मोदकाच्या कळ्या आपण अंदाजाने पाडतो, एखादी जाड होते. तिथे ते चालत नाही.

सुरक्षेचे नियम तर तिला तोंडपाठ. ओढणी नाही, बांगडी नाही, केस टोपीखाली, डोळ्यांना चष्मा. चकची चावी चकमध्ये विसरायची नाही. कीस हाताने नव्हे, यंत्र थांबवून ब्रशने काढायचा. हे ती म्हणू लागली की घरचे खाली मान घालून ऐकत.

परीक्षा झाली, सरकारी प्रमाणपत्र मिळाले. मग १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात वर्षभर उमेदवारी केली, दरमहा विद्यावेतन घेऊन. आता ती नोकरीत आहे आणि सीएनसी यंत्र शिकते आहे. सगळे गोड आहे असे मी म्हणणार नाही. आठ तास उभे राहावे लागते, पाय सुजतात, कूलंटचा वास कपड्यांतून जात नाही. पहिला पगारही बेताचाच. ह्यांना मात्र इतक्या वर्षांच्या हातकसबावर अजून कागद नाही, आणि नवीन दुकानात गेले की पहिल्यांदा तोच मागतात.

तिने शिकताना केलेला पहिला गियर आमच्या देवघराशेजारी फळीवर आहे. ह्यांनी तो मायक्रोमीटरने दोनदा मापून पाहिला, आणि मग काही न बोलता पुसून ठेवला.

ज्यांच्या मुली यंदा दहावीला आहेत त्यांनी दुपारी चारनंतर माझ्याकडे यावे. निकाल लागल्यावर अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, मुदत थोडी असते. लेकीच्या सुट्टीच्या दिवशी आलात तर ती स्वतः सारे समजावून सांगेल. दाखले मात्र आधीच काढून ठेवा, आणि माझ्यासारखे पेटीत नको.