वायफाय लागेना? थांबा, फोन रिसेट मारू नका!

आजचा विषय छोटा, पण घरोघरचा.

परवा रात्री साडेनऊला अकोल्याहून मामेबहिणीचा फोन. अकोले म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातलं बरं का, विदर्भातलं अकोला नव्हे. “दादा, वायफाय लागेना. डेटा संपलाय. उद्या प्रवेशाच्या फॉर्मची शेवटची तारीख. मोबाईलच्या दुकानात म्हणाले, फॅक्टरी रिसेट मार. मारू का?”

म्हटलं, “अगं थांब!” फॅक्टरी रिसेट म्हणजे फोन कोरा. बॅकअप नसेल तर फोटो, मार्कशीट सगळं गेलं. आणि बिघाड राउटरचा असेल, तर एवढं करूनही वायफाय लागणार नाहीच.

म्हणून आधी बिघाड कुठे आहे ते शोधायचं. दोनच प्रश्न.

पहिला: घरातल्या दुसऱ्या फोनवर वायफाय चालतंय का? मामीच्या फोनवर चालत होतं. म्हणजे लाइन आणि राउटर ठीक. कुणाच्याच फोनवर चालत नसेल, तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा, दोन-तीन मिनिटं द्या. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लागलेला असेल, तर सिग्नलच येत नाहीये. फोनशी खेळू नका, केबलवाल्याला कळवा.

दुसरा: तुमचा फोन दुसऱ्याच्या हॉटस्पॉटला जोडला जातो का? तिचा मामीच्या हॉटस्पॉटला लगेच जोडला गेला. म्हणजे फोनही धडधाकट. म्हटलं, “आधी फॉर्म भरून टाक, मग बाकीचं बघू.”

फोन बरा, राउटर बरा, मग अडलं कुठे? पासवर्डात! शेजारची पोरं फुकट व्हिडिओ बघतात म्हणून धाकट्याने संध्याकाळी पासवर्ड बदललेला. आईच्या फोनमध्ये नवा टाकला, ताईला सांगायचं राहिलं. तिचा फोन आपला जुनाच पासवर्ड देत बसलेला. वायफायच्या यादीत नावावर दाबून ‘फरगेट’ केलं, नवा पासवर्ड टाकला, लागलं.

आता तुमच्या फोनला वायफायचं नावच दिसत नसेल, तर? बरेच राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ असे दोन सिग्नल देतात. काही स्वस्त किंवा जुन्या फोनला 5 पकडताच येत नाही. शिवाय वाड्याच्या जाड दगडी भिंतीतून 5 जास्त अडतो. 2.4 चं नाव निवडा.

जोडलं गेलं पण ‘इंटरनेट नाही’ असं दाखवतंय? मग व्हीपीएन बंद करा, तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा.

तरीही नाहीच जमलं, तर ‘नेटवर्क सेटिंग्ज रिसेट’. यात वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात, फोटो नाही. दोन्ही रिसेट मेनूत बहुतेक शेजारीच असतात, म्हणून नाव दोनदा वाचा आणि मगच दाबा.

बहिणीचा फॉर्म गेला, फोटोही जागेवर आहेत. घरात पासवर्ड बदललात तर सगळ्यांना सांगा, एवढंच. भेटू पुढच्या भागात!