दगडांनी न ठेवलेल्या नोंदी



धार जिल्ह्यातील शाळेत शिकलेल्या माणसाने मांडवगड पाहिला नाही, असे सहसा घडत नाही. सहलीची बस दिल्ली दरवाजाजवळ पोहोचली की मुले जहाजमहालाकडे धावतात आणि रूपमतीच्या मंडपातून नर्मदेची पांढरी रेघ पाहून परततात. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते परतलेल्या मुलांना एकच प्रश्न विचारीत : “येथे राहणारी माणसे पाणी कोठून आणीत असतील?” आजचे व्याख्यान या प्रश्नाच्या आधारानेच मांडावे, असे मी योजिले आहे.

विंध्याच्या कड्यावर समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंचीवर हा गड वसला आहे. काकडाखोहाच्या खोल दरीने त्याला माळव्याच्या पठारापासून वेगळे केले आहे. दिलावरखान घोरी १४०१ साली स्वतंत्र झाला. त्याचा पुत्र होशंगशाह याने राजधानी धारहून येथे हलविली. शत्रूला रोखण्यास ही जागा उत्तम होती. परंतु माथ्यावर बारमाही नदी नव्हती. मांडवगडाचे सारे वैभव उभे राहिले ते पावसाच्या साठविलेल्या पाण्यावर. मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधोमध जहाजमहाल बांधला गेला. गच्च्यांवरचे पाणी पन्हळींतून हौदांत उतरे. चंपा बावडीत पायऱ्या उतरून गेले की आजही अंगाला गारवा जाणवतो. रेवाकुंडाचे पाणी उचलून बाजबहादुराच्या महालापर्यंत नेण्याची सोय होती, तिचे अवशेष आपण पाहिले असतील.

पुढे १५६१ साली अकबराच्या फौजेने बाजबहादुराचा पराभव केला. सत्तेचे केंद्र येथून हलले आणि नगर ओसरत गेले. तळी होती, विहिरी होत्या, परंतु दरबार गेला तसे दरबारावर पोसलेले कारागीर आणि व्यापारीही पांगले. अठराव्या शतकात माळवा मराठ्यांच्या हाती आला आणि गड धारच्या पवारांच्या राज्यात राहिला. तोवर तटाच्या आत पुष्कळसे रानच माजले होते.

आता त्या अवशेषांतून हिंडताना एक गोष्ट ध्यानी घ्यावी. सुलतानांचे महाल, मशिदी, मकबरे उभे आहेत. तळी खोदणाऱ्यांची, पाणी वाहणाऱ्यांची घरे कोठे आहेत? ती माती, लाकूड आणि गवताची होती, मातीत मिळाली. दगडाने बलवंतांचीच आठवण राखली. जे थोडे अधिक कळते, ते कागदामुळे. याच मंडपदुर्गात १४३९ साली जैनांच्या कल्पसूत्राची एक सचित्र पोथी लिहिली गेली. १५०० च्या सुमारास येथे ‘निमतनामा’ हा पाककृतींचा सचित्र ग्रंथ सिद्ध झाला. तो आज लंडनमध्ये जपलेला आहे. त्यात समोसे आहेत, खीर आहे, विड्याचे मसाले आहेत. मुदपाखान्याच्या भिंतींनी जे सांगितले नसते, ते त्या पानांनी सांगितले. अर्थात तोही राजाचाच मुदपाखाना.

येथून मी खाली, नर्मदेच्या खोऱ्यातील निसरपूरकडे वळतो. या सभागृहात त्या गावची माणसे बसली आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीस प्रथमच भरले. त्याच पावसाळ्यात आपले निसरपूर पाण्याखाली गेले. गुजरातच्या कोरड्या भागांना त्या पाण्याने दिलासा दिला, हे खरे. विस्थापितांच्या साऱ्या तक्रारी मिटल्या नाहीत, हेही खरे. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे व्यासपीठ नव्हे. माझी चिंता निराळी आहे. मांडवगड पाण्याच्या आधाराने वसला आणि माणसांअभावी ओस पडला. त्याचे अवशेष तरी पाहता येतात. निसरपूर नांदते असतानाच पाण्याने घेतले. तेथे आपल्या नातवंडांची सहल कोठे न्यावयाची?

भूसंपादनाच्या कागदांत घराची लांबी-रुंदी असते. ओट्यावर कोण बसे, आठवडी बाजारात मिरचीचे ढीग कोणत्या बाजूला लागत, कोणत्या विहिरीचे पाणी डाळ शिजवावयास चांगले, हे त्यांत नसते. हे सारे आज केवळ वृद्धांच्या स्मरणात आहे, आणि ते स्मरण वर्षागणिक उणे होत आहे.

आपल्याकडे या कामाची परंपरा आहे. धार संस्थानच्या शिक्षणखात्यातील काशिनाथ कृष्ण लेले यांनी कॅप्टन लुअर्ड यांच्यासह परमारांचा इतिहास लिहिला. तो १९०८ साली प्रसिद्ध झाला. शिक्षणक्षेत्रातील माणसाने आपल्या परिसराचा इतिहास लिहावा, ही अपेक्षा म्हणूनच अवाजवी नाही. राजांचा इतिहास त्यांनी लिहिला. गल्ल्यांचा आपण लिहू या.

माजी विद्यार्थ्यांस माझी विनंती अशी. शाळेच्या ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी. सुटीत गावी येणाऱ्या प्रत्येकाने एका वृद्धाजवळ बसून एका गल्लीची, एका विहिरीची, एका सणाची हकीकत त्यांच्याच निमाडी शब्दांत उतरून घ्यावी. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख अवश्य लिहावी. वरच्या वर्गातील मुलांनी त्यावरून जुन्या गावाचा नकाशा काढावा. यास मोठा निधी लागणार नाही. सवड मात्र काढावी लागेल, आणि तीही लवकर.