इंजिन ‘लीन’ झाले तर

(मंडळाच्या श्रावणातील बैठकीत दिलेले भाषण)



मराठीत लीन होणे हा गुण आहे. बाप्पापुढे आपण सगळेच लीन होतो. पण गॅरेजमधला मिस्त्री ‘गाडी लीन चालते’ म्हणाला, की तो शब्द इंग्रजीतला. अर्थ असा की इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी जात आहे. आम्ही नोकरीने सरकारी, पण डिप्लोमा मेकॅनिकलचा. रविवारी आम्ही दोघे भाऊ अंगणात बॉनेट उघडून बसतो हे गल्लीला ठाऊक आहे, म्हणून कार्यकारिणीने हा विषय आमच्या गळ्यात घातला.

हिशेब साधा आहे. १ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा याहून जास्त झाली की मिश्रण लीन. लक्षणे घरच्यांनाही कळतात. सकाळी गाडी लवकर चालू होत नाही, उभ्या गाडीचा आरपीएम वरखाली होतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन आधी खोकते आणि मग उचलते. सपाट रस्त्यावर हे चालून जाते. तवंदी घाटात मागे आई-बाबा, पुढे ऊस भरलेला ट्रॅक्टर आणि ओव्हरटेक करताना गाडीने दम सोडला, म्हणजे मग चालून जात नाही. शिवाय लीन इंजिन चढावर जास्त तापते, ठोके देते, आणि दुर्लक्ष केले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. तो खर्च हजारांत जातो.

आमच्याकडे वडिलांच्या वेळची कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे. गेल्या पावसाळ्यात ती अशीच खोकू लागली. एका गॅरेजने इंजिन उतरवायला सांगितले. आम्ही गाडी घरी आणली आणि आधी चोक थोडा ओढून पाहिला. चोक ओढला की हवा कमी होते. इंजिन लगेच गोड चालू लागले! म्हणजे रोग हवेचा किंवा पेट्रोलचा, पिस्टन-रिंगचा नव्हे. प्लग काढले तर आतली चिनीमाती खडूसारखी पांढरी. ती फिकट तपकिरी हवी. काजळी असती तर उलटा रोग, म्हणजे पेट्रोल जास्त.

मग गळती शोधली. इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारायची बाटली असते ना, ती घेतली. इंजिन चालू ठेवून एकेका जोडावर बारीक फवारा मारत गेलो, फक्त प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटर सोडून. कार्बोरेटरच्या बुडाशी फवारा पडताच आवाज बदलला. तिथल्या गॅस्केटमधून इंजिन चोरून हवा ओढत होते. डिस्ट्रिब्युटरकडे जाणारा रबरी पाइपही टोकाला चिरला होता. नवे गॅस्केट, वीतभर पाइप आणि नट सारखे आवळणे, एवढ्यावर काम झाले. काही जण गळती शोधायला उदबत्तीचा धूर वापरतात. ते अजिबात करू नका. उदबत्ती देव्हाऱ्यात ठीक, पेट्रोलच्या वाफेजवळ नाही. कार्बोरेटर साफ करायचा स्प्रेही गरम इंजिनावर पेट घेऊ शकतो.

आता नव्या पेट्रोलचे. पंपावर मिळते त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातले काही आपल्या या पट्ट्यातल्यासारख्याच उसातून येते. शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, त्याला नावे ठेवायची नाहीत. पण इथेनॉल जळायला हवा कमी लागते, १ किलोला ९ किलोच. म्हणून २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५ किलो हवा पुरते. शुद्ध पेट्रोलवर बसवलेला जुना कार्बोरेटर जागचा हलला नाही तरी गाडी तेवढी लीन होते. जुने रबरही त्यात लवकर खराब होते. त्यात आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. इथल्या विरळ हवेत बसवलेली गाडी आंबोली उतरून सावंतवाडीला गेली की दाट हवेत अजून थोडी लीन. कोकणात गेल्यावर गाडी रुसते असे जुनी माणसे म्हणत, ते उगाच नव्हे.

इंजेक्शनच्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर हे बरेचसे आपोआप सावरतो. सावरता आले नाही तर ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीचे सॉकेट असते. त्यात छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावला की मोबाइलवर कोड दिसतो. पी०१७१ म्हणजे लीन. हा कोड पाहून ऑक्सिजन सेन्सरच बदलायची घाई करतात, ते आम्हाला पटत नाही. सेन्सर बहुधा खरेच सांगत असतो. ‘फ्युएल ट्रिम’ पाहा. उभ्या गाडीत तो +१० च्या वर आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल, तर हवेची गळती. उलट जोर दिल्यावर वाढत असेल, तर पेट्रोल कमी पडते: फिल्टर किंवा पंप. एमएपी सेन्सरच्या गाड्यांत गळती असली तरी कोड येईलच असे नाही, नुसता आरपीएम चढलेला राहतो. सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरचा पाइप फुटला असेल, तरी बाहेरची हवा आत जाऊन खोटा लीन दिसतो.

ब्रेक बूस्टरचा पाइप मात्र सगळ्यांनी तपासावा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, दाबूनच ठेवा आणि गाडी चालू करा. पेडल थोडे खाली गेले पाहिजे. गेले नाही तर घाटात उतरूच नका.

इंजेक्शनच्या गाडीची पेट्रोल लाइन घरी सोडू नका, त्यात दाब असतो. ते काम मिस्त्रीचे. आणि टाकी पावभर तरी ठेवा, आतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

केए-२२ असो, केए-२३ असो की पाहुण्यांची एमएच-०९, इंजिनाला सीमाप्रश्न नाही. गावच्या गणपतीला निघणाऱ्यांनी डिकीत हातभर रबरी पाइप, दोन क्लिपा आणि प्लगचा पाना टाकावा. स्कॅनर आमच्याकडून घेऊन जा, फक्त आरतीच्या वेळी दार वाजवू नका.