मागचा डिस्क ब्रेक गळू लागला तर



दुधाचे कॅन डेअरीवर न्यायचे, खताची गोणी आणायची, भाजीचे क्रेट बाजारात पोहोचवायचे. ही सगळी कामं आता मोटारसायकलवरच होतात. ओझं मागच्या चाकावर आणि चिखलही मागच्याच चाकावर. म्हणून आज मागच्या डिस्क ब्रेकच्या गळतीविषयी थोडी माहिती घेऊ.

पायाचा ब्रेक दाबला की मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल नळीतून कॅलिपरमध्ये जाते. तिथला पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड डिस्कला आवळतात. पिस्टनभोवती रबरी सील असते, ते ऑइल अडवून धरते. चिखलपाण्याने पिस्टनला गंज चढला किंवा सील कडक झाले, की ऑइल बाहेर येऊ लागते. पायडल खोल जाते, पॅड तेलकट होतात आणि ऐन उतारावर ब्रेक दगा देतो.

पुष्कळ जण डबीत ऑइल ओततात आणि गाडी दामटतात. बंधूंनो, ऑइल ओतणे म्हणजे दुरुस्ती नव्हे! पॅड झिजले तरी डबीतली पातळी हळूहळू उतरते, ते वेगळे. पण कॅलिपर ओला दिसला तर गाडी उभी करावी.

आधी गळती कुठली ते शोधा. ओला डाग पाण्याने धुतला जातो का पाहा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते, चेनचे वंगण मिसळत नाही. मग कॅलिपर कोरडा पुसून पायडल जोरात दाबून धरा. नळीच्या बोल्टापाशी ओल आली तर तिथले वायसर नवे घाला. हवा काढायच्या निपलापाशी आली तर निपल बेताने आवळा. पॅडच्या बाजूने आली तर सील गेले असे समजा.

सील बदलताना कॅलिपर डिस्कवरून काढा, पण नळी लगेच सोडू नका. पॅड काढून पायडल हळूहळू दाबले की पिस्टन बाहेर येतो. त्याच्या समोर बोटे ठेवू नका, आणि खाली भांडे ठेवा. हे ऑइल रंग खाते, टाकीवर सांडले तर लगेच पाण्याने धुवा. जुनी सीले लाकडी काडीने काढा, म्हणजे खाचेला ओरखडा पडणार नाही. पिस्टनला गंजाचे खड्डे असतील तर पिस्टनही नवा घ्यावा. पॉलिश पेपरने घासून भागत नाही.

भाग धुवायला पेट्रोल, डिझेल वापरू नका. डबीत इंजिन ऑइल तर कधीच घालू नका. त्याने सीलचे रबर फुगते. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिले असेल तेच ऑइल, सीलबंद छोट्या डब्यातले घ्या. उघडा डबा हवेतली ओल शोषतो. नवी सीले याच ऑइलमध्ये भिजवून बसवा. ऑइल प्यालेले पॅड बदला आणि डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा.

शेवटी हवा काढायची. निपलाला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. एकाने पायडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल उघडून बंद करावे, मगच पाय सोडावा. बुडबुडे थांबेपर्यंत असे करा; डबी मात्र रिकामी होऊ देऊ नका. २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस आले. ते मागच्या चाकालाही असेल तर हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या.

पायडल कडक लागले आणि दाबून धरल्यावरही कॅलिपर कोरडा राहिला, की आधी अंगणात सावकाश चालवून पाहा. ओझं आणि मागे बसणारं माणूस नंतर!

सीलच्या संचाला पैसे लागतात खरे, पण मागे बसलेल्या लेकराच्या जिवापुढे ते काहीच नाहीत, बरं का.